टायरची हवा: तीन गेज, तीन आकडे. खरी हवा कुठली धरायची? (आणि उसना गेलेला गेज)

अनगोळकर
मंडळी नमस्कार, डोकं फिरलंय म्हणून धागा काढालोय. माझ्या गाडीच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर चारी चाकांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. परवा घरातल्या पेन्सिल गेजनं (पेनासारखा दाब बघायचा गेज) बघिटलं तर २९. मग पेट्रोल पंपावर गेलो, तिथल्या डिजिटल मशीनवर ३३ दाखवलं, पोरगं म्हणालं बरोबर आहे, कशाला घालायची. दुसऱ्या दिवशी निपाणीला जाऊन आलो, येताना काकतीच्या पुढं एका पंक्चरवाल्याकडं थांबलो, त्याच्या काट्याच्या गेजवर ३६! आता ह्यातला खरा कोण आणि खोटा कोण?

माझा एक चांगला डायलचा गेज होता, भावजीनं उद्यमबागमधनं आणून दिलेला. तो दिवाळीत शेजाऱ्यांनी नेला तो नेलाच. विचारलं तर म्हणतात "दिलो की वो परत". दिला नाही. नवा घ्यावा तर परत कुणीतरी नेणार. दोन्हीवर उपाय सांगा.

चोर्ला_रायडर
शेजारी बदला 😄
सिरियसली, मला पण हाच प्रॉब्लेम आहे. बेळगावात सकाळी भरून निघतो, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की तिथल्या पंपावर ३ कमी दाखवतो. कुणीतरी सांगटलं की खाली गेलं की हवेचा दाब बदलतो म्हणून तसं होतं. खरं ३ एवडा?

उद्यमबागचा_टर्नर
अनगोळकर, आधी एक सांगा, तिन्ही वेळेला गाडी किती पळालेली होती? तुम्ही आकडे दिलाय खरं वेळ दिली नाही. गेजला शिव्या घालायच्या आधी चाकाला हात लावून बघायचं असतंय.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. टायर फिरला की रबर दुमडतं, तापतं, आतली हवा तापते आणि जागा तेवढीच म्हणून दाब चढतो. साधारण साडेपाच-सहा डिग्रीला १ पीएसआय धरा. हायवेवरनं निपाणी करून आलेला टायर ४ चढलेला असला तर त्यात नवल काय नाही. आणि तो चढलेला दाब बघून हवा सोडायची नाही, नाहीतर सकाळी गाडी बसलेली मिळते.

चोर्लावाल्या भावा, तुझं अर्धं बरोबर हाय. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त तेवढाच. आपलं गाव साडेसातशे मीटरवर, तिथं बाहेरचा दाब १३.४ च्या आसपास, समुद्राला १४.७. म्हणजे टायरला काही न करता गोव्यात सव्वा पीएसआय कमी दिसणार. खरं गोवा आपल्यापेक्षा उकाड्याचा, तिथं टायर पाच-सहा डिग्रीनं गरम असला की एक परत चढला, दोघांनी एकमेकांना खाल्लं. ३ चा फरक घाटाच्या नावावर नको घालू. तो तिथल्या पंपाचा किंवा तुझ्या वॉलचा (चाकात हवा भरायचं तोंड).

तिलकवाडीची_ताई
मी मेकॅनिक वगैरे नाही, स्कूटर चालवते. एक प्रश्न, हसू नका. टायरच्या बाजूवर जो आकडा कोरलेला असतो तेवढी हवा भरायची ना? आमच्या इथं पंक्चरवाले काका तोच बघून भरतात. आणि दुसरं म्हणजे आमच्या अपार्टमेंटमध्ये स्कूटर दुपारी उन्हात असते, मागचं चाक सावलीत नि पुढचं उन्हात, तेव्हा काय बघायचं?

उद्यमबागचा_टर्नर
ताई हसायचं काय त्यात, निम्मं गाव तसंच भरतंय. टायरवर कोरलेला आकडा म्हणजे त्या टायरला जास्तीत जास्त किती सोसतं ते. तोच टायर चार वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय माहीत. गाडीचा आकडा गाडीवरच्या स्टिकरला नाहीतर पुस्तकात. एकटं बसताना वेगळा आणि मागं कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त, ते पण लिहिलेलं असतं.

उन्हातलं चाक २-३ जास्त दाखवणार. सकाळी पाणी भरायच्या आधी बघा, संपला विषय. आणि स्कूटरचा टायर लहान, गेज लावताना प्रत्येक वेळी फुस्स करून जी हवा जाते ती कारला कळत नाही, तुम्हाला कळते. म्हणून गेज सरळ आणि एका झटक्यात दाबायचा. शेवटी थुंकी लावून वॉलवर फुगा येतोय का बघायचं आणि टोपी घालायची. टोपी नसली की आपल्या पावसातला चिखल आत बसतो आणि वॉलची पिन पूर्ण मिटत नाही.

ऊसवाला_चिकोडी
तुम्ही लोकं एक-दोन पीएसआयला भांडालाय, आमच्याकडं या. कारखाना चालू झाला की ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, आणि चाक बघायची पद्धत म्हणजे लाथ मारायची. आवाज आला ठण्ण की बास.

माझा अनुभव सांगतो. मागच्या मोठ्या चाकात आम्ही वजनासाठी पाणी भरतो, बऱ्याच लोकांचं असतं. एकानं तसल्या चाकाला साधा गेज लावला, वॉल नेमका खाली होता, पिचकारी थेट गेजमध्ये. दोन महिन्यांनी काटा जागचा हलंना. चाक फिरवून वॉल वर आणायचा मग बघायचं, म्हणजे निदान हवा तरी येते. पाण्याच्या चाकाला गेज पण वेगळा मिळतो, आणि कुठला पण असला तरी नंतर चांगल्या पाण्यानं धुवून झटकून ठेवायचा.

चोर्ला_रायडर
लाथ मारून ३० आणि २० मधला फरक कळत असेल तर तुम्हाला साष्टांग नमस्कार. आजकालचे टायर एवढे कडक असतात की ८-१० कमी झाली तरी बघून काही कळत नाही.

अनगोळकर
टर्नरदादा, तुम्ही विचारलं म्हणून आठवून सांगतो. पेन्सिल गेज सकाळी सात वाजता, गाडी रात्रभर उभी. पंप घरापासनं चारेक किलोमीटर, आणि आपलं रेल्वेचं गेट पडलं म्हणून उन्हात पंधरा मिनिटं उभा. पंक्चरवाला निपाणीहून सत्तर किलोमीटर मारून आल्यावर.

आता मलाच वाटालंय की मी तिघांना उगीच चोर ठरवलो.

पंपावरचा एक जुना किस्सा मात्र सांगायलाच पाहिजे. पोरगं गोकाककडचं, मी म्हटलं पुढं तेहतीस मागं तेहतीस, त्यानं मान डोलावली आणि मशीनवर ३५ लावलं. मी म्हटलं अरे काय, तर म्हणतो "मूवत्तैदु ना?" म्हणजे कन्नडमधे पस्तीस. मग बोटानं काचेवर ३३ काढून दाखवलो. तेव्हापासनं मी आकडा तोंडानं सांगत नाही, मोबाइलवर टाइप करून दाखवतो. भाषेचं भांडण तरी टळलं.

उद्यमबागचा_टर्नर
बघा, निम्मं कोडं सुटलं. राहिला प्रश्न गेजचा.

गेज घेताना लोक मोठा आकडा बघून घेतात, ० ते २०० वाला, "ट्रकला पण चालतो" म्हणून. काट्याच्या गेजची चूक पूर्ण स्केलच्या टक्क्यात मोजतात. २०० वाला २ टक्क्याचा असला तर चूक ४ पीएसआयपर्यंत असू शकते आणि तरी तो गेज कागदावर पास! ०-६० वाला घेटला तर तीच २ टक्के म्हणजे सव्वा. शिवाय काटा मधल्या भागात असताना जास्त भरवशाचा, दोन्ही टोकांना कमी. ३३ ला ०-६० म्हणजे बरोबर मध्यावर पडतो.

आत काय असतं माहीत आहे काय? पितळेची चपटी वाकवलेली नळी. हवा आली की ती सरळ व्हायला बघते, तिच्या टोकाला दात्याचं चाक आणि त्यावर काटा. बूर्दाँ म्हणून एका फ्रेंच माणसानं १८४९ साली पेटंट घेतलेलं, अजून तेच चालतंय. आमच्या हायड्रॉलिक टेस्ट बेंचवर पण हीच नळी, फक्त जाड. हिला एकदा आपटलं किंवा स्केलच्या बाहेर दाब दिला की ती कायमची थोडी वाकते. मग काटा दिसायला गुळगुळीत फिरतो, आकडा मात्र गेलेला असतो. शून्यावर येतो म्हणजे गेज चांगला असं पण नाही, शून्यावर बरोबर आणि तीसला तीननं चुकलेले मी पुष्कळ बघिटलेत.

एकाच चाकाला तीनदा लावून बघा. तिन्ही वेळेला एकच आकडा आला तर गेज निदान एकमार्गी आहे. मग तो २ नं कमी दाखवत असला तरी चालतंय, पाठीवर टेप लावून "+२" लिहायचं. आमच्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं, सगळ्यांना माहीत आहे, कुणाची बस चुकत नाही. दर वेळी वेगळा आकडा देणारा गेज मात्र पोरांना खेळायला द्या.

तिलकवाडीची_ताई
पण २ नं कमी दाखवतो हे कळणार कसं? त्यासाठी बरोबर असलेला दुसरा गेज लागणार, तो बरोबर आहे हे कशावरून?

उद्यमबागचा_टर्नर
ताई तुम्ही आमच्याकडं क्वालिटीत या कामाला. 🙏 कारखान्यात मास्टर गेज असतो (बाकीचे गेज ज्याच्याशी ताडून बघतात तो), तो डेड वेटवर तपासून आणतात, म्हणजे पिस्टनवर मोजलेली वजनं ठेवून दाब तयार करायचा. घरगुती माणसाला ते परवडत नाही हे खरं.

खानापूरचं_रान
परवडतंय की वो. पाणी हाय नव्हं?

आमचं रान उताराला आहे, वरच्या माळावर सिमेंटची टाकी आणि खाली काजूच्या बागेत पाइप आलाय. पाणी उभं असलं की त्याचा दाब फक्त उंचीवर, पाइप जाड का बारीक, सरळ का वाकडा, काही फरक नाही. २.३१ फुटाला १ पीएसआय. मीटरमध्ये म्हणाल तर १० मीटरला १४.२.

गवंडी लोकांची लेव्हल ट्यूब असते ना पाणी भरलेली, ती घेऊन मी आणि पोरगा पायरी पायरीनं उतरत आलो, टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासनं खालच्या नळापर्यंत ६९ फूट. म्हणजे भागून जवळजवळ ३० पीएसआय. उंची मोजताना फूटभर चुकलो तरी अर्धा पीएसआय सुद्धा चुकत नाही, एवढा स्वस्त मास्टर कुठं मिळणार.

नळाला गेज कसा लावायचा? पंक्चरवाल्याकडनं फाटक्या ट्यूबचा वॉल कापून आणायचा, रबराचा तुकडा ठेवायचा त्याला, आणि पाइपच्या तोंडात घालून क्लॅम्पनं आवळायचा. पिन आतच राहू द्यायची. आधी पाणी सोडून पाइपमधली हवा घालवायची, एक पण बुडबुडा नको. मग सगळे फाटे बंद. पाणी वाहत असताना बघू नका, वाहतं पाणी कमी दाखवतं. मग गेज दाबायचा, चार थेंब अंगावर येतात, येऊ देत. डिजिटलवाल्यांनी हा खेळ करू नका, पाणी आत गेलं की तो मेला. काट्याचा गेज नंतर उपडा करून झटकायचा आणि दिवसभर वाळवायचा.

चोर्ला_रायडर
हे भारी आहे! आमची चार मजली बिल्डिंग आहे, टाकीपासनं खालच्या नळापर्यंत ४५ फूट असेल. म्हणजे साडेएकोणीस. ३३ ला नाही पोचत पण बाइकच्या पुढच्या चाकाच्या जवळपास तरी येतंय.

खानापूरचं_रान
चालतंय. फक्त मोटर चालू असताना आणि शेजारी कुणी आंघोळ करत असताना नको. 😄 पहाटे बघा.

सांबरा_रिटायर्ड
हवेचा विषय इथं बराच झाला, मी दुसऱ्या भागावर लिहितो, कारण त्यावर माझं आयुष्य गेलं. विमानाच्या मेंटेनन्समध्ये होतो. आमच्याकडं हत्यार हरवलं तर "मिळेल कुठंतरी" हे वाक्यच नव्हतं. पेटीत फोम कापून प्रत्येक पान्याची जागा, प्रत्येकावर नंबर, काम सुरू करताना मोजायचं आणि संपल्यावर मोजायचं. एक स्क्रू ड्रायव्हर कमी पडला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. कारण तो कदाचित आत राहिलेला असतो, आणि इंजिनात शिरलेलं हत्यार काय करतं ते सांगायला नको.

घरी हे सगळं करा असं मी म्हणत नाही. पण काम संपल्यावर बॉनेट लावायच्या आधी मोजणं हे फुकट आहे. सकाळी पेटी उघडल्यावर मोबाइलनं वरून एक फोटो, संध्याकाळी तसाच दुसरा. बघून लगेच कळतं कुठली जागा रिकामी.

उद्यमबागचा_टर्नर
काकांनी सांगटलं ते शंभर टक्के. त्यात आमच्या वर्कशॉपचं एक सांगतो. आम्ही आधी भिंतीवर प्लायवूड लावून प्रत्येक पान्याचा आकार पेंटनं काढला. दिसायला एकदम झकास, भेट द्यायला आलेले लोक फोटो काढायचे. खरं आठ दिवसात लक्षात आलं, रिकामा आकार हे सांगतो की १४-१५ चा पाना नाही, तो कुणाकडं आहे हे सांगत नाही. मग जुनी पद्धत परत आणली, पितळेचे बिल्ले. प्रत्येकाला त्याच्या नंबरचे पाच. पाना घेटला की त्या खिळ्याला बिल्ला अडकवायचा, पाना ठेवला की बिल्ला परत. पाच बिल्ले संपले की सहावं हत्यार मिळत नाही. एकाच्या पेटीत चार महिने पडलेला सर्कलिप प्लायर तेव्हा बाहेर आला.

नंबर टाकायचं म्हणाल तर गोटीवर (सॉकेटवर) आणि टॉर्क रेंचवर (ठरवलेल्या जोरानं नट आवळायचा पाना) पंच मारू नका, कडक स्टील असतं, तडा जातो. इलेक्ट्रिक एनग्रेव्हरनं हलकं लिहा नाहीतर दोन रंगाचे पट्टे मारा. वेल्डिंगचा ठिपका देऊन खूण करणारे महाभाग पण बघिटलेत, तेवढ्या उष्णतेनं पान्याचं पाणी म्हणजे कडकपणा उतरतो. टॉर्क रेंच ठेवताना सेटिंग अगदी कमीला आणून ठेवा, आतली स्प्रिंग दाबलेली राहिली की तो पण त्या गेजसारखाच खोटं बोलायला लागतो.

अनगोळकर
हे सगळं कामगाराला ठीक. शेजाऱ्याच्या हातात बिल्ला कसा देऊ? वही काढून "सही करा" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी आमच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवायचे नाहीत.

तिलकवाडीची_ताई
त्याला माझ्याकडं औषध आहे. आमचे हे शिडी, ड्रिल मशीन सगळं वाटत सुटतात. मी आता काय करते, न्यायला आले की "थांबा थांबा, एक फोटो" म्हणून त्यांच्या हातात वस्तू असतानाच काढते आणि तो त्यांनाच व्हॉट्सॲप करते, "सावकाश वापरा हं" लिहून. राग पण येत नाही आणि तारखेसकट पुरावा राहतो. दोन आठवड्यांनी त्याच फोटोला रिप्लाय करायचा, "झालं का काम?" शिडी चौथ्या दिवशी परत आली.

ऊसवाला_चिकोडी
ताई तुम्ही कारखान्याचं बिल काढायला पाहिजे होता आमचं.

मी तर दोन गेज ठेवलोय. एक चांगला, तो घराच्या बाहेर जात नाही, जावयाला पण नाही. दुसरा स्वस्तातला, त्याला लाल रंग मारलाय, तो गावाला. गाव तो आपलाच समजतंय.

सांबरा_रिटायर्ड
चिकोडीकरांनी जे केलं त्यालाच आम्ही मास्टर आणि वर्किंग म्हणायचो. वापरातला पडतो, आपटतो, डिकीत जॅकखाली दबतो. त्याला महिन्या-दोन महिन्यांनी घरातल्या चांगल्याशी लावून बघायचं. फरक पडला तर चांगल्याला संशय नको, कारण तो कुठं गेलाच नाही.

अनगोळकर
अपडेट देतो, बराच मसाला आहे.

ताईंचा फोटोचा उपाय उशिरा कळला म्हणून साधं विचारत गेलो. गेज शेजाऱ्यांनी त्यांच्या मेव्हण्याला दिलेला नंदगडला, मेव्हण्यानं ट्रॅक्टरवाल्याला. परवा परत आला. काचेच्या आत पाण्याची वाफ आणि काटा न लावताच २ वर बसलाय. ऊसवाले, तुमची पिचकारीची गोष्ट वाचताना मला हसू आलेलं, आता नाही येत.

नवा ०-६० वाला घेटला. आणि रविवारी खानापूरच्या रानाला गेलो, त्यांनी पत्ता मेसेज केलेला, चहा-पोहे आणि काजू खाऊन पाण्यावर तिन्ही गेज लावले. खरा दाब ३०. नवा गेज ३० च्या रेघेला अगदी चिकटून. पेन्सिल गेज २७ आणि २८ च्या मधे, तीनदा लावला, तीनदा तिथंच. परत आलेला बिचारा पहिल्यांदा ३४, दुसऱ्यांदा ३१, तिसऱ्यांदा ३५.

आज सकाळी थंड चाकाला नव्यानं बघिटलं, साडेएकतीस. म्हणजे पेन्सिल गेजचे २९ अधिक त्याची अडीच. पंपावरचे ३३ चार किलोमीटर चालून आणि उन्हात थांबून. पंक्चरवाल्याचे ३६ हायवेचे. पंपावाल्या पोराला मी मनातल्या मनात काय काय बोललो होतो! दीड पीएसआय कमी होती, ती पायपंपानं घातली. पेन्सिल गेजवर "+२.५" ची चिठ्ठी लावून डिकीत टाकलाय.

उद्यमबागचा_टर्नर
परत आलेला टाकू नका, माझ्याकडं द्या. उघडून नळी बघू, आमच्या नव्या पोरांना शिकवायला बरा.

खानापूरचं_रान
अनगोळकर, एक विचारायचं होतं. क्लॅम्प आवळायला जो पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर तुमच्या हातात दिलो होतो, तो कुटं ठेवला? पोरगं दोन दिवस शोधालंय टाकीपाशी.

अनगोळकर
ड्रायव्हर सीटच्या खाली मिळाला, आत्ता बघून आलो. 🙈 येत्या रविवारी घेऊन येतो. तोवर खिळ्याला माझ्या नावाचा बिल्ला अडकवून ठेवा.